हसेल तो आपला

"प्रभाताई नावाचं इथं कुणी राहत नाही," असं आणखी एका दारातून ऐकल्यावर मगदूम सरांनी मोसंब्यांची पिशवी माझ्या हातात दिली आणि रुमालाने कपाळ पुसलं.

"बिरनाळे वहिनी, त्या नक्की ह्याच गल्लीत वळतात ना? तुम्ही बघितलंय ना?"

"मी कुठं बघितलंय? हेमा म्हणाली."

"मी 'बहुतेक' म्हटलं होतं," हेमा आवटी म्हणाली. "बागेच्या मागच्या फाटकाकडे जाताना दिसायच्या. त्या फाटकातून ह्याच गल्लीत येता येतं, म्हणून मी म्हटलं."

"आडनाव काय त्यांचं?" सरांनी विचारलं.

हेमाने माझ्याकडे बघितलं, मी सरांकडे. आठ महिने रोज सकाळी शेजारी उभं राहून ज्या बाईबरोबर आम्ही हात वर करून हसत होतो, तिचं आडनाव तिघांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं.

या गोष्टीला आता पंधरा-सोळा वर्षं झाली. आमच्या गावातल्या बकुळबागेत तेव्हा हास्य क्लब जोरात होता. मगदूम सर हायस्कूलचे निवृत्त हेडमास्तर. शाळा सुटली तरी गळ्यातली शिट्टी काही सुटली नव्हती. तीस-पस्तीस म्हातारीकोतारी माणसं त्यांच्या शिट्टीवर सिंह हास्य, ताक हास्य, मोबाईल हास्य असे प्रकार करायची. वर्गणी नाही, नावनोंदणी नाही. बकुळीच्या झाडाला टांगलेल्या पाटीवर सरांनी स्वतः रंगवलं होतं, 'हसेल तो आपला.' नियम म्हणाल तर एकच होता. सभासद लागोपाठ तीन दिवस आला नाही, की चौथ्या दिवशी तिघांनी फळं घेऊन त्याच्या घरी जायचं, चौकशी करायची आणि निघताना त्याच्या अंथरुणापाशी हळू आवाजात थोडं हसून यायचं. याला सर 'आजारहास्य' म्हणत. कुणाकुणाच्या सुना दाराआड तोंडाला पदर लावत, पण प्रथा मोडली नव्हती.

आणि प्रभाताई म्हणजे क्लबची शान. सकाळी सगळ्यांच्या आधी हजर. मोतिया रंगाची, बारीक काठाची स्वच्छ साडी, ओले केस नीट विंचरलेले, त्यात बकुळीची चार फुलं. हसायच्या तर अशा, की बाकीचे आपलं हसणं विसरून त्यांच्याकडे बघत राहायचे. "प्रभाताईंकडे बघा! पोटातून हसा, पोटातून!" असं सर ओरडायचे. त्यांचं हसणं लवकर थांबत नसे. सगळे थांबले तरी त्या हसत असायच्या, मग सर सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावायचे, तेव्हा कुठं थांबायच्या.

मी म्हणजे अगदी उलटं प्रकरण. अंथरुणातून उठायचं आणि नेसत्या लुगड्यानिशी बाग गाठायची, हा माझा शिरस्ता. चपलेचा अंगठा सेफ्टीपिनने अडकवलेला. टेलिफोन खात्यात जन्मभर इस्त्रीची साडी नेसून गेले, आता कुणासाठी नटायचं? हेमाला ते खपत नसे. ती स्वतः फिरायला येतानाही साडीला पिना लावून यायची. "शैला, तुला नि प्रभाताईंना शेजारी बसवलं ना," ती म्हणायची, "तर लोक तुझ्याच पुढ्यात भाकरी टाकतील." मी म्हणायचे, "टाकू देत. स्वयंपाक वाचला."

तर त्या दिवशी गल्ली पालथी घालून आम्ही परत निघालो ते बागेच्या मागच्या फाटकाने, जवळ पडतं म्हणून. तिथे पंपाची खोली आणि पाण्याची टाकी. टाकीच्या खांबांमागे मेंदीचं कुंपण आहे. त्या कुंपणावर मोतिया रंगाची, बारीक काठाची साडी वाळत घातली होती.

"अगं बाई, ही तर प्रभाताईंची साडी!" हेमा म्हणाली. "चोरून आणली वाटतं कुणीतरी!"

तेवढ्यात टाकीखालून खोकण्याचा आवाज आला.

सपाट केलेल्या खोक्यांच्या पुठ्ठ्यांवर प्रभाताई पडल्या होत्या. अंगात विटका गाऊन, उशाला कपड्यांचं बोचकं. आम्हाला बघून त्या धडपडत उठल्या, आधी केस कानामागे सारले आणि मग म्हणाल्या, "या ना, या. बसा." बसायला काय द्यावं म्हणून त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि स्वतः सरकून अर्धा पुठ्ठा मोकळा केला.

सर बसले. मीही बसले. हेमा उभीच राहिली.

"काय होतंय?" सरांनी विचारलं.

"ताप होता. उतरला आता. उद्या येते मी, सर."

"हो हो. सावकाश या."

मी मोसंबी ठेवली. इथे कशा, कधीपासून, घरचे कुठे, हे सगळे प्रश्न तोंडाशी येत होते आणि एकही विचारण्यासारखा वाटत नव्हता. सरांनी घसा खाकरला. आणि जे त्यांना येत होतं तेच त्यांनी केलं. हळूच टाळी वाजवली आणि म्हणाले, "हो हो, हा हा हा."

मी हसले. हेमाही उभ्याउभ्या हसली. आणि प्रभाताई तापातल्या तोंडाने, पण पोटातून हसल्या. टाकीखाली आमचं ते आजारहास्य घुमलं. मला रडायला येतंय की काय, असं वाटायला लागलं. मग मी नुसतीच मोठ्याने हसत राहिले.

आम्ही फाटकाबाहेर आलो. मग हेमा म्हणाली, "आपण गळाभेट हास्य करतो गं त्यांच्याबरोबर."

"मग?"

"मग काही नाही," ती म्हणाली आणि पदराने हात पुसले.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आत ही गोष्ट सगळ्या क्लबला कळलेली होती. सांगितली कुणी? मी नाही, सर नाहीत. हेमा म्हणते, तीही नाही. जाऊ दे. प्रभाताई नेहमीसारख्या न्हाऊन, तीच साडी नेसून आल्या, तर रांगेत त्यांच्या दोन्ही बाजूंना एकेक माणूस मावेल एवढी जागा मोकळी. कुणी ठरवलं नव्हतं, आपोआपच पडली होती. माणसं वाईट नव्हती, हे मला सांगितलं पाहिजे. पुढच्या दोन-चार दिवसांत निम्म्या लोकांनी त्यांच्यासाठी डबे आणले. कुणी पोळी-भाजी, कुणी धपाटी, एकीने तर नव्या सुनेने केलेला पहिला शिरा आणला. प्रभाताईंनी सगळे डबे घेतले, सतरंजीवर ओळीने मांडले, झाकणं उघडली आणि विचारलं, "आज कुणाचा वाढदिवस?"

वाढदिवसाला खाऊ आणून सगळ्यांनी वाटून खायचं, अशी आमच्यात पद्धत होती. त्यांनी ती पद्धत पाळली. प्रत्येकाच्या हातावर शिरा ठेवत गेल्या. लोकांनी खाल्ला, पण तोंडं उतरली.

"आपण हिच्यासाठी आणायचं आणि ही आपल्यालाच वाटते," शिरावाल्या बाई मला म्हणाल्या. "एवढा ताठा?"

मला तो ताठा वाटला नाही. मग काय वाटलं, तेही सांगता आलं नसतं.

गळाभेट हास्याला जोड्या लागत. प्रभाताईंशी जोडी लावायला कुणी उरेना. मी लावायचे, पण मी रोज वेळेवर यायचे थोडीच? एके दिवशी पोचले तर त्या एकट्याच हात पसरून उभ्या होत्या. थोडं थांबून तशाच हसत रांगेतून बाहेर पडल्या आणि पळायच्या वाटेवरून येणाऱ्या एका तरुणापुढे जाऊन उभ्या राहिल्या. तो कानातल्या वायरी काढत मागे सरला. त्या हसतच होत्या. मग बाकड्यावरच्या कॉलेजच्या मुलींपुढे. मग झोपाळ्यापाशी, आईचा हात धरून उभ्या असलेल्या लहान पोरीपुढे. पोरगी भोकाड पसरून रडायला लागली.

नंतर हे रोजचंच झालं. आधी सकाळी, मग दुपारीसुद्धा. बाकड्यावर कुणी दमून बसलं असेल, की प्रभाताई समोर येऊन नमस्कार करायच्या आणि खो खो हसायला लागायच्या. थांबा म्हटलं तरी थांबायच्या नाहीत. हसणं तेच, जराही बदललेलं नव्हतं. आठ महिने ज्याला आम्ही पोटातलं हसणं म्हणत होतो, त्याला लोक आता डोक्यातलं म्हणायला लागले. एका बाईंनी आपल्या मुलाला बागेत आणणं बंद केलं. पहाटेच्या योगासनवाल्यांनी लेखी तक्रार दिली. बागेचा मुकादम सरांकडे आला.

"सर, ती बाई तुमच्या क्लबाची म्हणत्यात लोक. तुमची हाय का न्हाई, तेवढं सांगा. तुमची असली तर आवरा तिला. नसली तर मी वर कळवतो. बेघरांच्या निवाऱ्याची गाडी येती, घिऊन जातील."

"बघून सांगतो," सर म्हणाले.

त्या संध्याकाळी मी एकटीच टाकीपाशी गेले. प्रभाताई सुईदोरा घेऊन साडीचा काठ शिवत बसल्या होत्या. मी सरळच बोलले, मला आडवळणाने बोलता येत नाही.

"प्रभाताई, निवाऱ्यात जाल का? पलंग असतो, दोन वेळचं जेवण असतं."

"राहून आलेय एका ठिकाणी. जेवण चांगलं असतं. पण सगळ्या बायका भिंतीकडे तोंड करून बसतात हो. दिवसभर."

"आणि तुमचं घर? कुठलं?"

"ते कशाला? तुम्ही चांगल्या मनाच्या आहात. लगेच नेऊन सोडाल."

मग जरा चिडूनच मी म्हटलं, "मग अनोळखी लोकांपुढे जाऊन कशाला हसता? घाबरतात ती माणसं. थांबवता येत नाही का?"

त्यांनी दोरा दाताने तोडला. "आधी तरी कुठं येत होतं? आधी सर टाळ्या वाजवायला लावायचे."

दोन दिवसांनी क्लब सुटल्यावर सरांनी सगळ्यांना सतरंजीवर बसवून घेतलं. प्रभाताई तेव्हा पलीकडे नळावर पाणी भरत होत्या. सरांचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

"हे बघा, मला ह्या गोष्टीमुळे झोप लागत नाही. आपण हसायला जमतो. आपल्यातल्या निम्म्यांना हार्ट, निम्म्यांना शुगर. उद्या तिने कुणाला काही केलं, तर जबाबदार कोण? आणि न्यायचं म्हणजे काय तुरुंगात नाही नेणार. पण एकट्याने ठरवायचं माझ्या जिवावर येतंय. म्हणून सगळे मिळून ठरवू. प्रभाताई आपल्या सभासद नाहीत, असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

"पाटीवर काय लिहिलंय, सर?" मी विचारलं.

"वहिनी, पाटी मीच लिहिलीय," सर म्हणाले. "हात वर करा."

आधी कुणीच केला नाही. मग मागच्या रांगेतून एक हात वर आला, मग चार-पाच. मग शेजारच्याने केला म्हणून शेजारच्याने. हेमाचा हात अर्धा वर आला आणि तिथेच थांबला. आणि आता जे सांगते ते कुणाला खरं वाटत नाही, पण मी तिथे बसले होते. आमच्या जोशीकाकांनी एक नव्हे, दोन्ही हात वर केले. बिचाऱ्यांना कमी ऐकू यायचं. सरांनी 'हात वर' म्हटलं, की काय करायचं हे त्यांना इतकी वर्षं पाठ होतं. दोन्ही हात आभाळाकडे करून ते मोठ्यांदा म्हणाले, "हो हो, हा हा हा!"

एकाने सुरू केलं की दुसऱ्याला आवरत नाही, ही तर आमच्या क्लबची सगळी विद्याच. शेजारचे हसले. त्यांचे शेजारी हसले. काही जण हसू दाबायला गेले आणि जास्तच हसले. बघता बघता सगळी सतरंजी हात वर करून हसायला लागली. कुणाचा हात मताचा आणि कुणाचा हसण्याचा, ते देवालाही सांगता आलं नसतं. सर "अहो थांबा, अहो मोजू द्या," म्हणत होते, आणि म्हणता म्हणता त्यांचाच चेहरा वाकडातिकडा व्हायला लागला.

नळापासून प्रभाताईंनी ते बघितलं. बादली तशीच टाकून त्या धावत आल्या. आपल्यावाचून सुरू झालं म्हणून त्यांचा चेहरा कावराबावरा झालेला. येऊन थेट पुढे, नेहमीच्या जागी उभ्या राहिल्या, दोन्ही हात वर केले आणि सगळ्यांहून जास्त हसल्या.

हळूहळू हात खाली आले. त्यांचे दोन्ही हात मात्र वरच होते. टाळ्या वाजवायचं कुणालाही सुचलं नाही.

काय ठरलं, ते कुणालाच कळलं नाही. मी सरांना विचारलं, तर ते म्हणाले, "मला विचारू नका, वहिनी." मुकादमाने विचारलं तेव्हा त्याला म्हणाले, "तुम्हीच बघा काय ते." त्याने त्याचा अर्थ जो घ्यायचा तो घेतला.

शनिवारी संध्याकाळी भाजी घेताना मुकादम भेटला. म्हणाला, "उद्या गाडी यायची हाय." रात्रभर मला चैन पडलं नाही. प्रभाताईंना गाठून सांगावं, एक दिवस इकडेतिकडे व्हा, पुढचं पुढे बघू, एवढंच ठरवून मी रविवारी उजाडताच निघाले. आता रविवार म्हणजे माझा केसांना मेंदी लावायचा दिवस. भिजवलेली मेंदी वाया कशाला घालवा, म्हणून ती थापली, वर प्लास्टिकची पिशवी बांधली, डाग पडू नयेत म्हणून सगळ्यात जुनं पातळ नेसलं आणि तशीच गेले. फोन घरी चार्जिंगला. हातात फक्त कुलपाची किल्ली.

टाकीखाली प्रभाताई नव्हत्या. बोचकं होतं, म्हणजे न्हायला गेल्या असणार. मी पुठ्ठ्यावर बसून वाट बघायला लागले. कानामागून मेंदीचा ओघळ येत होता, तो पदराने पुसत होते.

"चला मावशी, उठा."

खाकी साडीतली एक बाई आणि तिच्यामागे दोन गडी. बाईचा आवाज अगदी गोड.

"कुठं?" मी विचारलं.

"चांगल्या ठिकाणी. चहा मिळंल, नाश्टा मिळंल."

माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी ताडकन उठले. "अहो, मी ती नव्हे! मी बिरनाळे. स्टेशन रोडला बंगला आहे माझा."

"हाय की. आपण बंगल्यावरच जाऊया."

"मी टेलिफोन खात्यात सुपरवायझर होते!"

"व्हय व्हय. तिथनं फोन लावू सगळ्यास्नी."

"माझी मुलगी बंगळूरला मोठ्या कंपनीत मॅनेजर आहे!"

त्यावर एक गडी दुसऱ्याला म्हणाला, "परवाची पण असंच म्हणत हुती न्हवं?"

मी किल्ली काढून त्यांच्या नाकापुढे नाचवली. "ही बघा घराची किल्ली!"

"परवाच्या बाईकडं तर जुडगाच हुता," तो गडी म्हणाला. वाईट मनाने नाही हो, सहज म्हणाला.

मी जसजशी ओरडत होते, तसतशी ती बाई आणखी हळू बोलत होती. माझ्या दंडाला तिचा हात होता, घट्ट नव्हता, पण सुटतही नव्हता. मी खरं तेच सांगत होते, आणि माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं. पलीकडे बकुळीखाली क्लब सुरू झाला होता. मी जिवाच्या आकांताने हात हलवून हाका मारल्या, "मगदूम सर! हेमा! अहो, इकडे या!" तिकडे सिंह हास्य चाललेलं. जिभा बाहेर, वटारायचे ते डोळे मिटलेले. हेमाचे तेवढे उघडे होते. तिने मला बघितलं, हसली आणि माझ्यासारखेच दोन्ही हात वर करून हलवले.

तेव्हा मात्र मी घाबरले. खरंच घाबरले.

"अहो, ह्यांना कुठं नेताय?"

प्रभाताई. नुकत्याच न्हालेल्या, मोतिया साडी, ओल्या केसांत बकुळीची फुलं. खांद्यावर पंचा. खाकी साडीतल्या बाईने त्यांना वरून खालपर्यंत बघितलं आणि पहिल्यांदाच माझा दंड सैल केला.

"मॅडम, तक्रार हाय. हितं झोपत्यात ह्या."

"ह्या नाही झोपत. ह्या आमच्या आहेत," प्रभाताई म्हणाल्या. "बिरनाळे वहिनी. आमच्या हास्य क्लबातल्या. मी ओळखते ह्यांना."

बस, एवढंच. बंगला, नोकरी, मुलगी, किल्ली, कशाकशाने झालं नव्हतं ते एवढ्याने झालं. "माफ करा हं मावशी," ती बाई मला म्हणाली. मग पुन्हा प्रभाताईंना, "मग हितली बाई कुठाय?"

प्रभाताईंनी पुठ्ठ्यांकडे बघितलं, बोचक्याकडे बघितलं. "ती गेली," त्या म्हणाल्या.

तोवर कुणाच्या तरी लक्षात येऊन सर धापा टाकत आले होते, मागून हेमा. सरांच्या गळ्यातली शिट्टी बघून एका गड्याने विचारलं, "सर, तुम्हीच क्लबाचे न्हवं? ह्या दोघी तुमच्याच का? आणि ती झोपणारी कुठली?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. डोक्यावर पिशवी, कानाखाली हिरवे ओघळ. मग प्रभाताईंकडे. आता मी घाबरले होते ते माझ्यासाठी नाही. सरांचे ओठ हलले, थांबले.

"दोघी आमच्या," ते म्हणाले. "ती झोपणारी गेली. ह्या सांगतायत ना? चला चला, गळाभेट राहिलीय."

गाडी रिकामी गेली. गळाभेटीला मी प्रभाताईंना अशी मिठी मारली, की पिशवी सरकून त्यांच्या खांद्यावर मेंदीचा हा मोठा डाग पडला. "अहो, तुमची साडी!" मी म्हटलं. "राहू दे," त्या म्हणाल्या आणि हसतच राहिल्या. या वेळी सरांनी टाळ्या वाजवायला लावल्या. त्या थांबल्या.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. टाकीखाली पुठ्ठे नीट घडी करून भिंतीला लावलेले, बोचकं नाही. त्यानंतरचे दोन दिवसही नाहीत. 'ती गेली' हे त्या गाडीवाल्यांना चकवायला म्हणाल्या, की तेव्हाच त्यांचं ठरलं होतं, की नेसायला ती एकच साडी होती आणि तिच्यावर मी डाग पाडला म्हणून, हे मला आजही ठरवता येत नाही.

चौथ्या दिवशी क्लब सुटला आणि सर काही न बोलता फळवाल्याकडे गेले. मोसंबी घेऊन आले. मी आणि हेमा चपला घालून तयारच होतो. फाटकाबाहेर पडलो आणि तिघंही थांबलो.

"कुठं जायचं?" हेमाने विचारलं.

एस. टी. स्टँड बघितलं. नदीकडची धर्मशाळा बघितली. सरकारी दवाखान्याच्या आवारात बघितलं. दुपार कलली तेव्हा निवाऱ्याच्या दारात पोचलो. खाकी साडीतली तीच बाई बाहेर आली. मला बघून दचकली.

"मावशी, तुमी? कुणाला बघाय आला?"

"प्रभाताईंना," सर म्हणाले.

"कोण लागत्यात तुमच्या?"

"आमच्या क्लबातल्या आहेत. तीन दिवस आल्या नाहीत."

"आडनाव?"

हेमाने माझ्याकडे बघितलं, मी सरांकडे.

"बरं, कशा दिसत्यात? काय खूण?"

"तुम्ही बघितलंय त्यांना, त्या दिवशी टाकीपाशी. मोतिया साडी," मी म्हटलं. "खांद्यावर मेंदीचा डाग."

"हितं आल्याव साड्या बदलत्यात, मावशी, मग समद्या सारख्याच दिसत्यात. दुसरं काय?"

हेमा पुढे झाली. "त्या हसतात," ती म्हणाली. "पोटातून."

बाई आमच्याकडे बघतच राहिली. तिच्यामागे लांबट खोली दिसत होती. आत बायका बसल्या होत्या, बऱ्याच जणी भिंतीकडे तोंड करून. पाठीवरून एकही ओळखता येत नव्हती. सरांनी एकदा माझ्याकडे बघितलं, पिशवी हेमाच्या हातात दिली, आणि त्या दारात उभं राहून टाळी वाजवली.

"हो हो, हा हा हा!"

मी हात वर केले. हेमाने पिशवीसकट केले. तिघंही मोठमोठ्याने हसलो, आत असतील तर त्यांना ऐकू जावं म्हणून. रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. मग आम्ही गप्प झालो आणि कान दिले.

बराच वेळ काहीच नाही. मग अगदी कोपऱ्यातून, भिंतीकडूनच, एक हसणं आलं. घोगरं, अडखळत, बरेच दिवस न वापरलेलं.

"प्रभाताई नव्हेत," सर म्हणाले.

"नव्हेत," मी म्हटलं.

मला वाटलं, आता परत फिरायचं. पण हेमा मोसंब्यांची पिशवी घेऊन आत गेली होती. कोपऱ्यातल्या त्या बाईपाशी ती थांबली, साडीच्या निऱ्या आवरल्या आणि खाली बसली.